दवाखाना आहे, मग अडलेली बाई वाचत का नाही?

नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धुळ्याचं जुनं, जळगावचं २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली उपकेंद्र आणि पाड्यावर आशाताई. तरी पावसाळा लागला की नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला खाली आणल्याची बातमी येतेच. वाचणारा हळहळतो आणि ‘रस्ता झाला पाहिजे’ म्हणतो. झालाच पाहिजे. पण झोळीतून गाडीपर्यंत आणि गाडीतून दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचलेल्या बायाही पुढे दगावतात. त्या का दगावतात, याचं उत्तर रस्त्यात सापडत नाही. त्यासाठी बाळंतपणात जीव कशाने जातो आणि किती वेळात जातो, इथून सुरुवात करावी लागते.

शंभर गरोदर बायांपैकी साधारण पंधरा जणींना गंभीर गुंतागुंत होऊ शकते, असं जगभर धरलं जातं. उपचार मिळालेच नाहीत तर प्रत्येक गुंतागुंतीचा वेळ वेगळा. जंतुसंसर्गाने बाई जायला सरासरी सहा दिवस लागतात. मूल अडलं तर तीन दिवस. रक्तदाब वाढून झटके येऊ लागले तर दोन दिवस. गर्भपिशवी फाटली तर एक दिवस. बाळंतपणाआधीच अंगावरून रक्त जाऊ लागलं तर बारा तास. आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर फक्त दोन तास.

हे दोन तास का, तेही समजून घेऊ. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लीटरहून जास्त रक्त जात असतं. बाळ बाहेर आलं, वार पडली की पिशवीचे स्नायू घट्ट आवळतात आणि त्यांच्यामधून गेलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबली जातात. रक्त थांबतं ते या आवळण्यामुळे. पिशवी थकली, वारेचा तुकडा आत राहिला किंवा पिशवीला चीर गेली, तर ही तोंडं उघडीच राहतात. पन्नास-पंचावन्न किलोच्या धडधाकट बाईला एक लीटर रक्त गेलेलं कदाचित झेपेल. चाळीस किलोच्या आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ते झेपत नाही. महाराष्ट्रातल्या गरोदर बायांपैकी ४५ टक्क्यांहून जास्त जणी रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. सातपुड्यात त्यात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, भर पडते. भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या रुग्ण बाईचं हिमोग्लोबिन एरवीच कमी असतं आणि गरोदरपणात तिचा त्रास वाढतो. म्हणजे ‘दोन तास’ ही सरासरी झाली. डोंगरातल्या कितीतरी बायांच्या हातात त्याहून कमी वेळ असतो.

आता यावर सरळ वाटणारा उपाय असा की, धोका असलेल्या बाया आधीच ओळखाव्यात आणि त्यांना वेळेवर शहरात हलवावं. आरोग्य खातं ‘जोखमीच्या मातां’ची यादी करतं ते यासाठीच. उंची फार कमी, हिमोग्लोबिन सातच्या खाली, आधीचं सिझर, जुळं, आडवं मूल, वाढलेला रक्तदाब, अशा बाया त्या यादीत येतात. यादी हवीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायांची तपासणी होते, त्यातून ती तयार व्हायला मदत होते. पण बाळंतपणानंतर ज्यांना रक्तस्राव होतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी कुठल्याच यादीत नसतात. तिसरं बाळंतपण, आधीची दोन सुखरूप झालेली, तपासण्या ठीक, आणि वार पडल्यावर रक्त थांबतच नाही. कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून तातडीची सोय यादीतल्या बायांपुरती ठेवून भागत नाही, बाळंत होणाऱ्या प्रत्येकीच्या मागे ती उभी असावी लागते. माझ्या मते सगळ्या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे.

तातडीची सोय म्हणजे काय, हे जागतिक आरोग्य संघटनेने मोजून सांगितलं आहे. पहिल्या पायरीवर सात कामं: जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचं इंजेक्शन, पिशवी आवळण्याचं औषध, झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट, अडकलेली वार हाताने काढणं, पिशवीत राहिलेले तुकडे काढणं, मूल अडलं तर व्हॅक्यूमने ओढून घेणं आणि न रडलेल्या बाळाला श्वास देणं. यातल्या एकाही कामाला ऑपरेशन थिएटर लागत नाही. शिकलेली नर्स आणि एक एमबीबीएस डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात ही कामं करू शकतात. दुसऱ्या पायरीवर आणखी दोन येतात: सिझरसारखी शस्त्रक्रिया आणि रक्त चढवणं. ही नऊही कामं दिवसरात्र होतात त्या जागेला परिपूर्ण प्रसूती सेवा म्हणायचं. पाच लाख लोकवस्तीला पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या मिळून किमान पाच जागा आणि त्यातली निदान एक परिपूर्ण, असं माप आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती. हिशोब कागदावर बसवणं अवघड नाही. पण हे माप सपाट मुलखाला धरून वाचलं तर फसायला होतं. नंदुरबार शहरातली परिपूर्ण सेवा तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्याला नकाशात जवळ दिसते. घाटातून, पावसात, रात्री ती किती तासांवर आहे ते वेगळं मोजावं लागतं.

दुसऱ्या पायरीला तीन गोष्टी एकाच वेळी, एकाच छताखाली लागतात. शस्त्रक्रिया करणारा, भूल देणारा आणि रक्त. तीन दगडांची चूल असते तसं हे आहे. एक दगड नसला तर उरलेल्या दोनांवर भांडं राहत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहे पण भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतो, तर उरलेले पाच दिवस त्या रुग्णालयात सिझर नाही. दोघंही आहेत पण रक्ताची पिशवी नाही, तर डॉक्टर पोट उघडायला कचरतात, आणि त्यांचं कचरणं बरोबरच असतं. इमारत, खाटा, थिएटरचे दिवे, फलक सगळं जागेवर असतं, आणि बाईला पुढे पाठवलं जातं.

भुलीच्या डॉक्टरांची टंचाई फक्त खान्देशातली नाही, देशभरातली आहे. म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन जीवरक्षक भूल आणि सिझर शिकवण्याचा मार्ग काढला. मार्ग चांगला आहे. मात्र शिकून आलेल्या डॉक्टरची बदली थिएटर नसलेल्या ठिकाणी झाली, किंवा भूल शिकलेला एका तालुक्यात आणि सिझर शिकलेला दुसऱ्या तालुक्यात बसला, तर सगळी मेहनत वाया. बदल्यांची यादी करणाऱ्या माणसाच्या टेबलावर अशा रीतीने बाळंतिणीचा जीव असतो. हे मी रागाने म्हणतो आहे, आणि तो राग बाजूला ठेवावा असं मला वाटत नाही.

रक्ताबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. सगळीकडे रक्तपेढी असणं शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. रक्तपेढीत रक्त घेतात, तपासतात, साठवतात. लहान रुग्णालयाला त्यासाठी रक्त साठवणूक केंद्र पुरतं. मोठ्या पेढीतून तपासलेल्या पिशव्या आणायच्या, खास फ्रिजमध्ये ठरावीक तापमानाला ठेवायच्या, आणि गरज पडली की रुग्णाच्या रक्ताशी जुळवून चढवायच्या. लागतो तो फ्रिज, न तुटणारी वीज, जुळवणी येणारा तंत्रज्ञ आणि पेढीशी पक्का करार. अडचण कुठे येते? पूर्ण रक्ताची पिशवी नेहमीच्या द्रावणात ३५ दिवस टिकते. छोट्या रुग्णालयात महिन्याभरात वापर कमी झाला तर पिशव्या मुदत संपून टाकून द्याव्या लागतात. मग वरून विचारणा होते, की नासाडी का केली. पुढच्या वेळी पिशव्या कमी मागवल्या जातात, नंतर मागवल्याच जात नाहीत. फ्रिज चालू राहतो, आत रक्त नसतं. खरं तर मुदत संपायला आली की पिशवी मोठ्या रुग्णालयाकडे परत पाठवून तिथे वापरता येते, बदल्यात ताजी आणता येते. फिरती ठेवली तर नासाडी फार होत नाही. आणि थोडी झालीच, तर तो अशा सोयीचा खर्चच समजला पाहिजे. आग लागली नाही म्हणून अग्निशमनाची गाडी वाया गेली, असा हिशोब कुणी मांडत नाही.

तंत्रज्ञाचंही तसंच. दिवसपाळीला एक तंत्रज्ञ असेल तर त्या रुग्णालयात संध्याकाळनंतर रक्त नाही, मग फ्रिज भरलेला असो वा नसो. बाळंतपणाच्या कळा घड्याळ बघून येत नाहीत.

आता एक वाट डोळ्यांपुढे आणा. मोलगीच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर रात्री बाई घरी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. फोनला रेंज मिळवायला कुणीतरी टेकडावर चढायचं. झोळी करून गाडीच्या रस्त्यापर्यंत उतरायचं. तिथून आरोग्य केंद्र. तिथून देवगोई घाट उतरून अक्कलकुवा. तिथे भुलीची किंवा रक्ताची सोय नसली तर तळोद्यावरून नंदुरबार. फारच बिघडलं तर नंदुरबारहून धुळे, आणखी नव्वद-शंभर किलोमीटर. धडगावकडून उतरणाऱ्यांना चांदसैलीचा घाट आहे, आणि तिथे पावसाळ्यात दरड आली की वाटच बंद होते. नर्मदाकाठच्या गावांचं आणखी वेगळं. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यातली ३३ गावं बाधित झाली, काठावर उरलेल्या कित्येक पाड्यांना होडीखेरीज मार्ग नाही. तिथे तरंगते दवाखाने चालवले गेले, त्यांतून लसीकरण आणि तपासण्या झाल्या, हे मोलाचं काम आहे. सिझर मात्र होडीत होत नाही.

या प्रवासात प्रत्येक थांब्यावर वेळ जातो. केस पेपर, तपासणी, ‘इथे होणार नाही’ हे ठरवणं, पुढची गाडी बोलावणं, चालकाला उठवणं. सीरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघी संशोधकांनी १९९४ मध्ये हा सगळा उशीर तीन भागांत मांडला, आणि जगभर अजून तीच मांडणी वापरतात. पहिला उशीर घरातून निघायचं ठरवण्यात, दुसरा वाटेत, तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर. आपल्याकडे पहिल्या उशिराबद्दल फार बोलतात, ‘हे लोक भगताकडे जातात, उशिरा येतात’. दुसरा उशीर बातम्यांत दिसतो. तिसरा दिसत नाही, कारण तो भिंतींच्या आत होतो आणि बाई तोवर ‘दवाखान्यात दाखल’ म्हणून नोंदली गेलेली असते.

पहिल्या उशिराची कारणंही अडाणीपणात शोधू नयेत. नवरा सुरतेकडे कामाला किंवा ऊसतोडीला, घरात सासू आणि लहान पोरं. गाडीचं भाडं, सोबत जाणाऱ्याची मजुरी, मागे गुरांना पाणी कोण पाजणार. शिवाय मागच्या वेळी दवाखान्यात काय झालं, ते पाड्यावर सगळ्यांना माहीत असतं. तिथली नर्स मराठीत ओरडते, बाई पावरीत किंवा भिलीत बोलते. डोंगरातल्या अनेक बायांना उकिडवं बसून बाळंत व्हायची सवय, दवाखान्यात उताणं टेबलावर झोपवतात. बाईला हवी ती स्थिती घेऊ द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही आहे. एका बाईला लेबर रूममध्ये चापट बसली, तर पाड्यावरच्या दहा बाया पुढच्या वेळी घरीच थांबतात. आणि ‘गेलो तरी पुढेच पाठवतात’ हा अनुभव आला असेल, तर उशिरा निघणं हा त्यांचा अनुभवातून आलेला हिशोब असतो. तिसरा उशीर पहिल्या उशिराला जन्म देतो, तो असा.

सोयी कागदावर कमी नाहीत, हेही सांगितलं पाहिजे, कारण हक्क माहीत नसल्यानेही लोक खिशातून पैसे घालतात. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण मोफत आहे. सिझर, औषधं, तपासण्या, जेवण, रक्त, घरातून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडणारी गाडी, सगळं त्यात येतं. रक्तासाठी पैसे मागितले तर ते चूक आहे. १०२ ची गाडी गरोदर बाया आणि लहान बाळांसाठी आहे. १०८ महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, आणि ती कुठल्याही तातडीला येते. आदिवासी जिल्ह्यांत काही आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आले की बाईने घरच्या एका माणसाला सोबत घेऊन तिथे येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू होतील तेव्हा डोंगर उतरायची वेळ येत नाही. मला ही योजना मनापासून आवडते, कारण ती दुसरा उशीर मुळातूनच काढून टाकते. पण माहेरघराला लागून असलेलं केंद्र सातही कामं करत असेल तरच तिचा खरा उपयोग. आणि बाई तिथे आठ दिवस राहायची तर तिच्या बाकीच्या पोरांचं काय, याचं उत्तर आधी शोधावं लागतं.

पहिल्या पायरीच्या केंद्रात बरंच करता येतं, ते कमी लेखू नये. रक्तस्रावात पिशवी चोळणं आणि ती आवळणारं ऑक्सिटोसिन देणं हे पहिलं काम. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वीजही जाते, तेव्हा फ्रिजबाहेर पडलेलं इंजेक्शन वरून तसंच दिसतं आणि आतून कमजोर झालेलं असतं. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, पण त्या बाळ बाहेर आल्यावरच आणि शिकलेल्या माणसाच्या हातून द्यायच्या. रक्त थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे औषध रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, हे २०१७ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचं असतं. हे केलेली बाई नंदुरबारला पोहोचते तेव्हा तिच्या हातात अजून वेळ शिल्लक असतो. नुसतं ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी दिलेल्या बाईकडे तो नसतो.

मग हे सगळं आकडेवारीत का दिसत नाही? २०१८-२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. तेव्हा देशात केरळनंतर आपलाच नंबर होता. संस्थेतली, म्हणजे दवाखान्यातली, बाळंतपणं राज्यात जवळपास ९५ टक्के. आकडे खोटे नाहीत. पण हा दर राज्याच्या पातळीवर काढतात, जिल्हा किंवा तालुक्याच्या नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या लाखो बाळंतपणांत धडगाव विरघळून जातं. आणि ‘संस्थेत बाळंतपण’ या रकान्यात फक्त फ्रिज असलेलं उपकेंद्र आणि चोवीस तास थिएटर चालणारं रुग्णालय यांची खूण एकच असते. सिझरचंही तसंच. २०१९-२१ च्या पाहणीत देशात खासगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, सरकारीतली १४ टक्के. शहरात गरज नसताना पोट कापलं जातं, आणि डोंगरात गरज असताना कापायला कुणी नसतं. दोन्हींची सरासरी मात्र ठीक दिसते.

ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत हा विषय काढायचा असेल तर ‘डॉक्टर द्या’ एवढं म्हणून उपयोग होत नाही, त्यावर ‘पद भरलं आहे’ हे उत्तर तयार असतं. विचारायचं ते असं: आपल्या तालुक्यात रात्री दोन वाजता सिझर कुठे होतं? गेल्या महिन्यात रात्रीची किती झाली? साठवणूक केंद्रात आत्ता कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत आणि रात्री जुळवणी कोण करतं? इथून गेल्या तीन महिन्यांत किती बाळंतिणी पुढे पाठवल्या आणि कुठल्या कारणाने? पुढच्या रुग्णालयाला आधी फोन केला होता का? पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींकडे येणारा ५ टक्के निधी आणि ग्राम आरोग्य समितीला वर्षाला मिळणारे दहा हजार रुपये यांतून रात्रीच्या गाडीची, टेकडावरच्या निरोप्याची सोय गाव स्वतःही करू शकतं. गावातल्या रक्तदात्यांची गटनिहाय यादी करायला तर पैसेही लागत नाहीत.

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं? बाळंतपणाआधी थोडंही रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, बारा तास कळा देऊनही मूल आलं नाही, हात किंवा नाळ आधी बाहेर आली, बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा कपडा पाच मिनिटांत भिजला, की कुणाच्या परवानगीची वाट न पाहता निघायचं. निघताना गरोदरपणातल्या तपासण्यांचं कार्ड सोबत घ्यायचं, आणि रक्त देऊ शकतील असे दोघंतिघं.

आणि वेळा लिहून ठेवायच्या. कळा कधी सुरू झाल्या, फोन कधी केला, गाडी कधी आली, पहिल्या दवाखान्यात कधी पोहोचलो, तिथून कधी निघालो. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत बाई गेली, आणि कारण अपघातासारखं वेगळं नसलं, तर तो मातामृत्यू धरला जातो आणि त्याची चौकशी करावीच लागते. त्यात घरच्यांचा जबाबही घेतात, आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या आढाव्यापर्यंत जाऊ शकतं. तिथे ‘रुग्ण उशिरा आणला’ असं एका ओळीत लिहून फाईल बंद होऊ नये, यासाठी घरच्यांकडे किंवा आशाताईकडे या वेळांचा कागद असायला हवा.